पद्माक्काचे चौदा दिवस

"ताप न्हाई, खोकला न्हाई, नाकाला पाणी न्हाई. मग माझ्यापासनं दुसऱ्याला लागंल का गं?"

पद्माक्का उंबऱ्याच्या आत पाटावर बसली होती आणि मी बाहेर अंगणात. मधे चुन्याची रेघ. ती रेघ मीच ओढली होती, आणि दारावरचा 'या घरात प्रवेश करू नये' हा कागदही मीच खळ लावून चिकटवला होता.

"लागू शकतो," मी म्हणाले. "लक्षणं नसली तरी लागू शकतो."

"आन मला झालेलाच नसंल तर?"

"तर न्हाई लागणार. पण ते चौदा दिवस गेल्याशिवाय कळत न्हाई, आक्का. म्हणून तर बसवलंय तुला."

"आज कितवा?"

"नववा."

"तेजूचं लगीन कितव्याला येतंय?"

माझ्याच लेकीचं लग्न, मला तोंडपाठ होतं, तरी मी वहीत बघितल्यासारखं केलं. "बाराव्याला."

आक्का डाव्या हातावरचा शिक्का उजव्या हाताच्या अंगठ्यानं चोळत बसली. विलगीकरणाचा जांभळा शिक्का, तारखेसकट. "राखेनं घासला, लिंबानं घासला," ती म्हणाली. "कपाळावरचं पुसलं, त्याला बारा वर्षं झाली. ह्ये काय पुसत न्हाई."

मी गावची आशा. म्हणजे आरोग्य केंद्राची गावातली बाई. पोलिओचे डोस, गरोदर बायकांच्या नोंदी, आणि त्या साली कोरोना. साठ घरं माझ्याकडे होती. रोज दारोदार फिरायचं, कपाळावर ती बंदूक धरून ताप बघायचा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आरोग्य केंद्रातून प्रश्नोत्तरांचा छापील कागद मिळाला होता. चिकन खाल्ल्यानं होतो का? नोटेवरून येतो का? वाफ घेतली की मरतो का? लोक विचारायचे आणि मी कागद न बघता धडाधड सांगायची. पोराटोरांनी मला 'कोरोनाबाई' नाव ठेवलं होतं. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गेलेल्या माणसाला घरची आंघोळ घालू देत्यात का?" त्याचं उत्तर कागदावर नव्हतं. शेजारच्या गावातला एकजण तालुक्याला नेला होता, तो परत आलाच नव्हता. मढंसुद्धा आलं नाही. तेव्हापासून आमच्या गावात संध्याकाळी कुणी कट्ट्यावर बसेना. पंचायतीचा भोंगा तेवढा दिवसातून चारदा तेच तेच ओरडायचा आणि मग आणखीच सामसूम वाटायची.

पद्माक्का आमच्या गावची कासारीण. माझा लग्नातला हिरवा चुडा तिनं भरला, डोहाळजेवणातला तिनं भरला, तेजू पाच दिवसांची असताना तिच्या मनगटात काळ्या मण्यांची बांगडी घातली तीही तिनंच. तिचा मुलगा सन्मती पुण्यात कंपनीत होता. कंपनी बंद पडली तसा तो मिळेल त्या वाहनानं, निम्मा चालत घरी आला. त्याला थोडी सर्दी होती. आरोग्य केंद्राची माणसं आली, मायलेकरांच्या हातावर शिक्के मारले, सन्मतीला मागच्या खोलीत आणि आक्काला पुढच्या खोलीत बसवून गेली. आक्का त्याचं ताट खिडकीत ठेवायची आणि लांब होऊन हाक मारायची. गावात इतकं कडक विलगीकरण दुसऱ्या कुणी पाळलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

घरी माझी सासू वाट बघत होती. आत्या वयानं पंचाहत्तरच्या, पण जिभेला धार विशीतली.

"विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? तिला बाहेर पडायची बंदी हाय."

"मग माझी नात काय मोकळ्या हातानं बोहल्यावर चढणार? तालुक्यातनं आणलेल्या त्या डब्यातल्या बांगड्या घालून? एक तर त्या कोपरापत्तूर जात्यात न्हाईतर बोटातच अडकत्यात. आन नवरीनं आपल्या हातानं चुडा चढवायचा नसतो. कासारणीच्या हाताशिवाय चुडा म्हणजे नुसती काच."

"आत्या, लग्न पुढं ढकलू."

"कधी? चातुर्मास लागतोय. म्हणजे दिवाळीनंतर. तवर मी हाय का न्हाई कुणाला ठावं? आन त्या पाव्हण्यांचं मन फिरलं तर?"

हे शेवटचं वाक्य बरोब्बर लागलं. तेजूचं एक ठरलेलं आधीच मोडलं होतं, तेही असंच पुढं ढकलता ढकलता. पोरगी तेव्हा दोन महिने जेवली नव्हती नीट. आता पन्नास माणसांची परवानगी मिळाली होती, मांडवाची मेढ रोवली होती. मला त्या लग्नाची धास्ती बसली होती. ते काहीही करून पार पडायला हवं होतं, बाकी जग गेलं खड्ड्यात.

तेजूच म्हणाली, "आई, तू रोज आक्काच्या दारात जातीस, मग घरात येतीस. आम्ही काय तुला लांब ठेवतो का?"

"मी रेघेच्या बाहेर असते. हात धुते."

"मग आक्काबी हात धुवंल की."

आणि तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निदान मला तसं वाटलं. बांगड्या भरताना कासारीण करते काय? हाताला साबण लावते. भरपूर फेस, म्हणजे हाताचं हाड मऊ पडून काच सरकते. साबणानं विषाणू मरतो, हे मीच साठ घरांत सांगत होते. वीस सेकंद घासा म्हणून. चुडा भरायला तर तास तास लागतो. म्हणजे बांगड्या भरणं हे जगातलं सगळ्यात स्वच्छ काम. बांगड्या सॅनिटायझरमध्ये बुडवून घ्यायच्या, आक्काला आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसून यायला सांगायचं, आणि पुन्हा वर साबण. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

दहाव्या दिवशी सकाळी मी आक्काला सांगितलं. ती घाबरली.

"नको गं. कुणी बघितलं तर तुझं काम जाईल."

"दुपारी ये. जेवणं झाली की गल्लीत चिटपाखरू नसतं. मागच्या गोठ्याच्या दारानं ये."

"आन म्हातारीला काय झालं म्हणजे? पोरीला?"

"सगळं साबणानंच हाय की आक्का. मी सांगतीय न्हवं? माझ्यापेक्षा जास्त कळतं का तुला?"

ती म्हणाली, "तू म्हणतीस म्हणजे बरोबरच असंल. तू शिकलेली बाई हायस."

दुपारी दोनला आली. पदर नाकातोंडावरून घट्ट गुंडाळलेला, बगलेत बांगड्यांची पेटी. गोठ्यातून येताना म्हैस उठून उभी राहिली आणि हंबरली, तेवढ्यानंही मी घाईनं गोठ्याचं दार लावून घेतलं. मधल्या खोलीत आम्ही चौघी. खिडकी मी लावून घेतली, आवाज बाहेर जायला नको म्हणून. दारही लावलं. पंखासुद्धा बंद, कारण तो खडखड वाजायचा. परातीत साबणाचं पाणी आणि बाजूला सॅनिटायझरची पाच लिटरची कॅन.

आक्कानं तेजूचा हात मांडीवर घेतला. पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली, तिसरी करकर करून मोडली. आत्यांनी लगेच हात जोडले. "वाढवली म्हणा, वाढवली." कुणी मोडली म्हणायचं नसतं.

"चष्म्यावर वाफ धरतीय," आक्का म्हणाली. "तोंड बांधलं की दिसंना. काच पोरीच्या हातात जाईल."

"मग सोड पदर," मी म्हणाले. "हातच महत्त्वाचे. हातांना साबण हाय की."

तिनं पदर सोडला. मग मीही तोंडावरचं काढलं. उकडून जीव नकोसा झाला होता.

तेजूचा चुडा झाला, एका हातात एक जास्त. तेजूनं आक्काच्या पायाला हात लावला, आक्कानं तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मग आत्यांच्या दोन. आणि मग माझा हात. माझी हाडं आडमुठी. नवरीच्या आईला डझनभर तरी हव्यात, असं आत्यांचं म्हणणं. आक्का माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, माझा पंजा दोन्ही हातांत दाबत, एकेक बोट चेपत. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. "मालन, काय गं ही तुझी हाडं. तुझ्या लग्नातबी सात वाढवल्या व्हत्या मी." ती हसली, मी हसले. माझ्या आयुष्यात एवढी हसले नसेन अशी हसले. एवढ्या दिवसांनी कुणीतरी हात धरत होतं. पाऊण तास लागला माझ्या एकटीच्या बांगड्यांना.

जाताना मी तिला खण-नारळ दिला. तिनं दारातच परत पदर गुंडाळला आणि गोठ्यातून निघून गेली.

लग्न झालं. साधंच झालं, पण झालं. तेजू हिरव्या हातांनी सासरी गेली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

तेराव्या दिवशी आक्काला ताप भरला. चौदाव्या दिवशी मी रेघेबाहेरून तिला बोटाला चिमटा लावायला सांगितलं, ऑक्सिजन बघायचा. मी आकडा विचारला, ती म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी. चांगला हाय का?" मी फोन करायला वळले. त्याच दिवशी घरी आत्या खोकायला लागल्या.

गावाला काय, एवढं बस्स होतं. कुणीतरी तिला दुपारी गोठ्यातून निघताना बघितलं होतंच. कासारणीनं आणला. पोराकडून घेतला आणि लग्नघरात वाटला. शिक्क्याचा हात घेऊन गेली, खणाची हाव सुटंना. त्याच तोंडांनी आयुष्यभर तिला 'आक्का, आमच्याकडं कधी येतीस' म्हणून आर्जवं केली होती. तिच्या पाण्याच्या नळाला कुणी हात लावेना, दूधवाला दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागला.

संध्याकाळी आरोग्य केंद्रातून डॉक्टरांचा फोन आला. आक्काला ताप भरला तेव्हा मायलेकरांचे नमुने घेऊन गेले होते, त्याचे अहवाल. डॉक्टर तरुण होते, कित्येक रात्री झोपले नसावेत असा आवाज.

"मालनताई, मुलाचा निगेटिव्ह आलाय. आईचा पॉझिटिव्ह. मुलाची सर्दी साधीच होती, आता ठणठणीत आहे तो. मग बाईंना कुठून झाला? त्या घरातच होत्या ना?"

आत आत्या खोकत होत्या.

"ताई?"

"बाहेर पडली होती, साहेब. एकदा. बांगड्या भरायला."

"कुणाकडे?"

"आमच्याकडं."

मग ते म्हणाले, "तुम्ही आशा आहात ना?"

"मी घरी नव्हते, साहेब. गृहभेटीला गेले होते. सासूबाईंनी घेतलं आत."

"बरं. तुमच्या घरात त्याआधी कुणाला काही लक्षणं? ताप, खोकला, वास जाणं, काहीही?"

"नाही," मी म्हणाले.

आता जे इतका वेळ टाळलं ते सांगते. इथवर आले तसं सांगायलाच हवं.

आक्काला बोलवायला गेले त्या दहाव्या दिवशी सकाळी मी लसणाची फोडणी दिली होती. तेलात लसूण काळाठिक्कर झाला आणि आत्या माजघरातून ओरडल्या, "अगं करपलं की, घर भरलंय वासानं." मी कढईवर वाकले. काही नाही. मी हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. काही नाही. मग डोक्याला लावायच्या बामची बाटली. त्याच आठवड्यात आम्हा आशांना नवा कागद आला होता, त्यात वास आणि चव जाणं हे लक्षण नव्यानं घातलं होतं. आदल्या दिवशी मी ते वीस घरांत वाचून दाखवलं होतं. वास गेला तर तासाभराच्या आत कळवा, वेगळे राहा, घरच्यांनाही लांब ठेवा. दोन दिवस अंगही मोडून आलं होतं, ते मी लग्नाच्या धावपळीवर ढकललं होतं.

मला कळलं होतं. नीट, शंभर टक्के कळलं होतं. साठ घरांतल्या कुठल्या घरात मला तो भेटला, देव जाणे. पण मी तोंड उघडलं असतं तर माझ्या हातावर शिक्का, दारावर कागद, आणि मांडव मोडला असता. तेजूचं दुसऱ्यांदा. मी हिंगाच्या डबीला झाकण लावलं, स्वतःला म्हणाले, सर्दी असेल, आणि आक्काला बोलवायला गेले. ती विचारत होती, म्हातारीला काय झालं म्हणजे, पोरीला काय झालं म्हणजे. तिला वाटत होतं धोका तिच्याकडून आम्हाला आहे. ती त्या घरात दहा दिवस सुरक्षित बसली होती. मी तिला तिथून उठवून, दारं-खिडक्या लावून, पाऊण तास माझ्या तोंडासमोर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णवाहिका आली. आक्का त्यातून परत आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, उगीच आशा नको. तालुक्याच्या कोविड केंद्रात सहाव्या दिवशी गेली. सन्मतीला लांबूनसुद्धा दाखवली नाही. आत्या आठ दिवस खोकून बऱ्या झाल्या. मलाही तपासलं, पॉझिटिव्ह निघाले, चौदा दिवस घरात बसले. सगळे म्हणाले, बिचारी मालन, कासारणीनं हिलाही दिला. तेजूच्या सासरी कुणाला काही झालं नाही. सन्मतीनं पुढं घर विकलं आणि तो पुण्याला गेला. आता तेजूचा मुलगा शाळेत जातो. आमच्या गावात आज कासार नाही, बायका बाजारातून बांगड्या आणतात. पाव्हण्यारावळ्यांत विषय निघाला की अजून म्हणतात, ती कासारीण, तिनं आणला होता गावात. मी तिथं असते. मी चहा देते.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

रुग्णवाहिका तिच्या दारात उभी होती. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं, त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती, पण जो तो आपल्या उंबऱ्याच्या आत. हातात कागद घेऊन मी रेघेजवळ उभी, माझं कामच होतं ते, नाव आणि वय सांगायचं. सन्मती मागच्या खिडकीतून "आई, आई" करत होता. त्याला बाहेर येऊ देत नव्हते.

आक्का भिंतीला धरून बाहेर आली. श्वास पुरत नव्हता, चार शब्दांनंतर थांबत होती. गाडीच्या पायरीशी आली आणि गल्लीकडे तोंड करून उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "मालननं मला बोलावलं नव्हतं. माझी मीच गेले. तिचं काम काढू नका."

पांढऱ्या पोशाखातला एकजण म्हणाला, "चला मावशी, उशीर होतोय." तिनं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळली. दोन्ही हात जोडले. मला बोलायचं होतं. देवाशप्पथ, जिभेवर आलं होतं, दोन वाक्यं होती फक्त. समोर सगळी गल्ली होती.

"मालन," ती म्हणाली, "भरल्या लग्नघरात मी आणला गं हा. म्हातारीला दिला. मला माफ कर. तू माफ केलंस म्हण, म्हणजे मी जाते."

ती माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.

"असू दे, आक्का," मी म्हणाले. "केलं माफ."